दार अडवायचा मान

आमच्या गावात एका मोठ्या कंपनीचे साहेब आले. ग्रामसभेत म्हणाले, "गावाला इंटरनेट फुकट देतो. फक्त जे बघाल ते आमच्या अ‍ॅपमधूनच. बाकी सगळं बंद."

त्या बाकीच्यात गावच्या बायकांचं इंटरनेटवरचं पानही आलं. माझी विधवा सून तिथं गोधड्या विकते, त्यावरच आमचं घर चालतं.

तेवढ्यात शेजारच्या गिरजाक्का उठल्या. "साहेब, तुम्ही लग्न करून घरी आलात तेव्हा बहिणीनं दार अडवलं होतं का?"

साहेब हसले. "हो तर! नाव घेतल्याशिवाय सोडलंच नाही."

"आणि तुम्ही ऐकून घेतलंत?"

"अहो, घरची लेक ती. तिचा मानच असतो तो."

"मग आमचं दार अडवणारे तुम्ही आमचे कोण?"

सभा खदखदून हसली. साहेब चाचरले. "मी... पाहुणा, आक्का."

"मग चहा घ्या की बाबा! दारात कशाला आडवे उभे राहताय?"

साहेबांनी चहा घेतला. सभेनं कंपनीचा प्रस्ताव फेटाळला. बायकांचं पान चालू राहिलं.

अजून गिरजाक्का दिसल्या की मी हात जोडतो. त्या लाजतात. "काय हे भाऊजी! मी नुसतं नातं विचारलं."