शेवटच्या पंगतीचा भात

घाटाच्या पायथ्याशी एक गाव होतं आणि त्या गावात विसोबाशेठची भोजनशाळा होती. घाट चढणारी प्रत्येक बैलगाडी तिथं थांबायची. माणसं हातपाय धुऊन पंगतीला बसायची, पोटभर जेवायची आणि मग बैल जुंपायची. दिवसाला तीन पंगती उठत. पहिली सकाळचं ऊन अंगणात उतरल्यावर आणि शेवटची ऊन कलताना.

वाढायला पाच जण होते. त्यातली अनसाबाई भात वाढायची. तिचा हात सैल, असं सगळ्या पंचक्रोशीत म्हणत. कुणाकडे लग्न असलं की पहिलं बोलावणं तिला जाई, कारण भात वाढायला अनसाबाई असली की पाहुणा अर्धपोटी उठत नाही, हे सगळ्यांना ठाऊक होतं. तिच्याकडे जमीन नव्हती, दागिना नव्हता. एवढं एक नाव होतं, आणि ते ती जिवापाड जपत होती.

भोजनशाळेत एक नियम होता. वाढप्यांनी सगळ्यांच्या शेवटी जेवायचं आणि उरेल ते जेवायचं. हा नियम विसोबाशेठच्या वडिलांनी केला होता. त्यांच्या काळी हंडाभर अन्न उरायचं, म्हणून तो कुणाला टोचला नाही. पुढे कारभार विसोबाशेठच्या हाती आला. रोज अन्न उरतं हे पाहून त्याचा जीव खालीवर होऊ लागला. त्याने कोठीतलं माप कमी केलं. जेवढी माणसं जेवायला येतील तेवढाच तांदूळ शिजू लागला. नियम मात्र तसाच राहिला. उरेल ते वाढप्यांचं. आता उरणार काय, हा प्रश्न विसोबाशेठला पडला नाही. पडणार कसा? तो स्वतः पहिल्या पंगतीच्या आधी माजघरात बसून तूपभात जेवत असे.

मग जे व्हायचं ते होऊ लागलं. सकाळपासून उपाशी उभी असलेली पाच माणसं शेवटच्या पंगतीत वाढू लागली की त्यांची नजर पाहुण्याच्या पत्रावळीवरून पुन्हापुन्हा हंड्याकडे जाई. डाव अर्धाच भरे. आमटी वाढणारा गोंदाजी तळ न ढवळता वरचं पाणी वाढे. आणि कुणी दुसऱ्यांदा भात मागितला की अनसाबाई म्हणे, "संपला बाबा."

तेव्हा हंड्याच्या तळाशी, झाकणाखाली, पाच माणसांपुरता भात असे.

पहिल्यांदा असं म्हणाली त्या दिवशी तिला घास उतरला नाही. दुसऱ्या दिवशी उतरला. महिन्याभराने तिला त्याचं काही वाटेनासं झालं. मग आपल्याला काही वाटत नाही, याचीच तिला लाज वाटू लागली. लग्नात मोकळा सुटणारा हात इथं आल्यावर आखडतो कसा, याचा ती विचार करी आणि तो हात पदराखाली लपवी.

गोंदाजीने दोनदा विसोबाशेठला सांगून पाहिलं, की आम्हाला सकाळी दोन घास मिळाले तर बरं होईल. पहिल्यांदा विसोबाशेठने ऐकून न ऐकल्यासारखं केलं. दुसऱ्यांदा म्हणाला, "इतक्या वर्षांत माझ्याकडे कुणी उपाशी मेलं का?"

कुणी मेलं नव्हतं, हे खरंच होतं. विसोबाशेठला तेवढं पुरेसं वाटलं.

पण गाडीवान कुरकुरू लागले. आमटी पातळ आहे, भात मागितला तर तोंडं वाकडी होतात, असं ते म्हणू लागले. काही जण नदीपलीकडे एका म्हातारीच्या झोपडीत पिठलं-भाकरी खाऊ लागले. विसोबाशेठ घाबरला. त्याने कोठीत जाऊन पाहायला हवं होतं. हंड्यात डोकावून पाहायला हवं होतं. निदान ज्यांच्या हातात डाव आहे त्यांना विचारायला तरी हवं होतं. त्याने यातलं काहीच केलं नाही. त्याने राजधानीहून एक शहाणा माणूस बोलावला.

शहाणा पालखीतून आला. त्याला पाट मांडला, समई लावली, पाच भाज्या वाढल्या. तृप्त होऊन ढेकर दिल्यावर त्याने भोजनशाळेचं दुखणं सांगितलं. ते म्हणजे, वाढपी हसत नाहीत. पाहुणा अन्नाने नव्हे, हसऱ्या चेहऱ्याने तृप्त होतो, असं त्याचं म्हणणं पडलं. मग त्याने पाचही जणांना रांगेत उभं करून हसायला शिकवलं. ओठ किती फाकवायचे, मान किती झुकवायची, हे काडीने मोजून दाखवलं.

तो गेल्यावर गोंदाजी म्हणाला, "दात दाखवा म्हणतात. पण त्या दातांना काम कुठं देतात?"

शहाण्याने आणखी एक युक्ती सांगितली होती. दाराच्या तुळईला एक घंटा टांगायची. जेवण आवडलं तर पाहुण्याने जाताना ती वाजवायची. संध्याकाळपर्यंत शंभर वेळा वाजली नाही, तर वाढप्यांनी गाडीतळ झाडायचा आणि बैलांचं शेण उचलायचं.

दोन दिवस पाचही जणांनी शेण उचललं. तिसऱ्या दिवसापासून ते पाहुण्यांना हात जोडू लागले. दादा, जाताना तेवढी घंटा वाजवा. काका, आमच्यासाठी वाजवा. माणसं दयेपोटी वाजवू लागली. जो गाडीवान उद्यापासून पलीकडच्या म्हातारीकडे जाणार होता, तोही जाताना घंटा वाजवून गेला. घंटा दिवसभर घणघणू लागली. विसोबाशेठ माजघरात बसून ती ऐके आणि मिशीवर हात फिरवी. आवाज वाढत होता आणि गाड्या कमी होत होत्या. पण गाड्या मोजायला अंगणात यावं लागलं असतं.

एके दिवशी तो आला. पाहतो तर अर्धा गाडीतळ मोकळा. त्याच्या कपाळावरची शीर ताठ झाली. तो तडक पंगतीत शिरला. शेवटची पंगत चालू होती. सटवाजी नावाचा एक म्हातारा गाडीवान त्याच वेळी पत्रावळ पुढे करून म्हणत होता, "अनसाक्का, थोडा भात घाल गं."

"संपला बाबा," अनसाबाई शिकवल्याप्रमाणे हसून म्हणाली.

विसोबाशेठने पुढे होऊन हंड्यावरचं झाकण उचललं. आत भात होता. वाफ अजून निघत होती.

सगळी पंगत हात थांबवून पाहू लागली. विसोबाशेठ ओरडला नाही. सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात तो सावकाश बोलला, आणि ते ओरडण्यापेक्षा वाईट होतं. गाड्या का कमी झाल्या ते आज कळलं, म्हणाला. पाहुण्यांच्या पानातला भात चोरणारा हात इथं आहे. उद्या आठवड्याचा बाजार. बाजारात दवंडी पिटवतो, की अनसाबाई वाढपीण चोर आहे. मग बघू, तुला कोण लग्नात बोलावतं.

अनसाबाईने हातातला डाव हंड्यावर ठेवला. चोर हा शब्द तिला कुणी आजवर लावला नव्हता. एकदा बाजारात तो शब्द गेला की तिचं नाव संपलं होतं. ती हंड्याकडे बघत राहिली. हा भात चोरीचा असेल, तर आमच्या वाटणीचा भात कोणत्या हंड्यात शिजतो? तीन वर्षं पाच माणसं सगळ्यांच्या मागून, खरवडीवर जगली. त्याला चोरी म्हणायचं, आणि ज्याने मापच कापलं त्याला शेठ म्हणायचं? लाज होती तिथं संताप आला.

"शेठ, उद्याच्या दिवस तुम्ही वाढा," ती म्हणाली. "सकाळपासून काही न खाता, आमच्यासारखं. तिसऱ्या पंगतीपर्यंत तुमचा हात सैल राहिला, तर दवंडीची गरज नाही. मीच बाजारात उभी राहून सांगेन, मी चोर आहे म्हणून."

पंगतीत कुणीतरी खाकरलं. एवढ्या लोकांसमोर नाही म्हणणं विसोबाशेठला जमेना. शिवाय त्याला त्यात अवघड काही दिसलं नाही. भात वाढायला असं काय लागतं?

दुसऱ्या दिवशी बाजाराची गर्दी आणि ही बातमी, दोन्हींमुळे पंगती भरल्या. सटवाजीने बैलाच्या खुराचं निमित्त काढून मुक्काम वाढवला होता. विसोबाशेठ कमरेला उपरणं बांधून उभा राहिला. पहिल्या पंगतीला त्याने डाव भरभरून भात वाढला. नको नको म्हणणाऱ्यालाही वाढला आणि प्रत्येक वेळी अनसाबाईकडे वळून पाहिलं. पाहुण्यांनी घंटा आपणहून दहा वेळा वाजवली.

दुसऱ्या पंगतीला त्याचे पाय दुखू लागले. कढीच्या फोडणीचा वास आला तसं तोंडाला पाणी सुटलं. एका माणसाने तिसऱ्यांदा भात मागितला, तेव्हा त्याच्या मनात आलं, किती खातो हा. वाढला त्याने, पण हसायचं राहून गेलं.

तिसऱ्या पंगतीला त्याच्या डोळ्यांपुढे काजवे चमकू लागले. आता तो पत्रावळीकडे पाहतच नव्हता. हंड्यात पाहत होता. त्याने मनातल्या मनात हिशेब केला, की एवढ्यात आपलं एकट्याचं तरी भागेल. डाव हळूहळू अर्ध्यावर आला. त्याने झाकण ठेवलं. आणि नेमकी तेव्हाच सटवाजीने पत्रावळ पुढे केली.

"शेठ, थोडा भात घाला."

"संपला," विसोबाशेठ म्हणाला.

शब्द बाहेर पडला आणि त्याचा त्यालाच ऐकू आला. सटवाजी झाकणाकडे पाहू लागला. मग सगळी पंगतच झाकणाकडे पाहू लागली. विसोबाशेठचा हात झाकणावर होता. तो त्याला उचलता येईना.

अनसाबाई पुढे आली. तिने त्याचा हात बाजूला सारला, झाकण काढलं आणि तळाशी होता तो सगळा भात सटवाजीच्या आणि त्याच्या शेजारच्यांच्या पत्रावळींवर वाढला. तिच्या वाटणीचा, गोंदाजीच्या वाटणीचा, विसोबाशेठच्या वाटणीचाही. शीतही ठेवलं नाही. कितीतरी दिवसांनी तिचा हात लग्नातल्यासारखा सुटला होता.

मग ती म्हणाली, "शेठ, तुम्ही चोर नाही. तुम्ही उपाशी आहात."

विसोबाशेठ पायरीवर बसला. आधी त्याला रागच आला. मग माजघरातून निरोप आला, की पान वाढलंय, जेवायला या. तो लगबगीने उठला, आणि उठताना त्याला दिसलं, की बाकीचे पाच जण रिकामा हंडा घासायला घेऊन चालले आहेत. त्यांना कुणाचा निरोप आला नव्हता. कधीच येत नव्हता. जी गोष्ट तीन वर्षं पाच माणसांच्या तोंडावर लिहिलेली होती, ती कळायला त्याला स्वतःच्या पोटात एक दुपार कळ यावी लागली. आणि तो स्वतःला हिशेबी म्हणवत होता.

त्याने पाचही जणांना आत बोलावलं. माजघरात पानं मांडायला सांगितली. गोंदाजी लगेच बसला. अनसाबाई उभीच राहिली.

"आधी पंगत बसली आहे तोवर बाहेर चला," ती म्हणाली. "काल जे सगळ्यांदेखत बोललात, ते सगळ्यांदेखत परत घ्या. मग जेवते."

विसोबाशेठला ते उपाशी उभं राहण्यापेक्षा जड गेलं. पण तो गेला. त्याने पंगतीसमोर सांगितलं, की अनसाबाई चोर नाही, माप मी कापलं होतं. आवाज फार मोठा नव्हता. सटवाजी म्हणाला, नीट ऐकू आलं नाही. मग त्याने पुन्हा सांगितलं.

त्या दिवसापासून कोठीतलं माप वाढलं आणि नियम उलटा झाला. वाढपी आधी जेवू लागले. अनसाबाई शेवटच्या पंगतीलाही न मागता दुसऱ्यांदा भात वाढू लागली. गोंदाजी पूर्वीसारखाच तोंड वाकडं करून वाढायचा, कारण त्याचा चेहराच तसा होता. पण डाव पार तळापर्यंत घालून आमटी ढवळायचा. त्याच्या चेहऱ्याबद्दल मग कुणी तक्रार केली नाही. गाड्या हळूहळू परत आल्या. सगळ्या नाही आल्या. काही गाडीवानांना म्हातारीचं पिठलं आवडलं होतं.

घंटा अजून तुळईला आहे. पण पाहुण्यांनी ती वाजवायची नसते. दिवसातून एकदाच, पहिली पंगत बसण्याआधी, विसोबाशेठ स्वतः ती वाजवतो. वाढप्यांनी जेवायला यावं म्हणून.

तात्पर्य: ज्यांच्या हातून पाहुण्याचं पोट भरायचं, त्यांचं पोट आधी भरा. आपल्या माणसांना उपाशी ठेवून त्यांच्याकडून हसू मागणाऱ्याला खोटं हसू मिळतं आणि त्याच्या पाहुण्याला अर्धा डाव.