सैल पिळाचा दोर

फार पूर्वी वेत्रपुरात महीधर राजाची सत्ता होती. त्या काळी बोधिसत्त्वाने दोर वळणाऱ्याच्या घरी जन्म घेतला होता. नाव नंदिसेन. नदीकाठी त्याच्याकडे चौदा माणसे अंबाडीचा वाख विंचरीत आणि दोर वळीत. विहिरीचे नाडे, बैलांची दावी, पाळण्याच्या दोऱ्या, सारे तिथलेच. नंदिसेनाचा दोर तुटला अशी तक्रार कधी कुणी आणली नव्हती. याचा त्याला अभिमान होता, आणि का नसावा? हातात कसब असलेल्या माणसाने मान खाली घालून का चालावे?

उपोसथाच्या, म्हणजे व्रताच्या, दिवशी तो उपवास धरी आणि म्हणे, "माझ्यामुळे कोणत्याही जिवाला इजा न होवो."

एके दिवशी राजाचा हत्ती पकडणारा पिंगळ त्याच्याकडे आला.

"नंदिसेना, बारा सोल हवेत, चांगले जाडजूड दोरखंड. रानातला कळप धरायचाय. तुझ्या माणसांना वर्षभर पुरेल एवढं धान्य राजवाड्यातून येईल."

"बघतो," नंदिसेन म्हणाला.

"बघायचं काय त्यात? तू वळ, मी बांधतो. पाप वाटलं तर माझ्या नावावर टाक!" पिंगळ हसत निघून गेला.

नंदिसेनाचे मत दिवसातून तीनदा बदलू लागले. वाख विंचरताना वाटे, दोर म्हणजे दोर, पुढे त्याचे काय होते ते वळणाऱ्याने का बघावे? जेवायला बसले की वाटे, फास तर मीच वळतो आहे. चौदा घरांच्या चुली आठवल्या की दोन्ही विचार पळून जात. त्या साली दुसरे मोठे गिऱ्हाईक नव्हते. नाही म्हणावे तर ही माणसे उपाशी, हो म्हणावे तर व्रत मोडले.

बायको उत्पली एकदा वैतागली. "अहो, व्रत महिन्यातून चार दिवस आणि धंदा सव्वीस दिवस. कुणाचं ऐकायचं ते ठरवा, नाहीतर दोघांनाही घराबाहेर काढा!"

मग त्याला एक मधली वाट सापडली. सोल वळायचे, पण पीळ सैल ठेवायचा. हत्ती हिसका देईल, दोर तुटेल, हत्ती रानात जाईल आणि धान्यही घरात येईल. गोंधळलेल्या मनाला अशी अर्धवट वाट फार लवकर आवडते. शेवटचा पीळ त्याने स्वतः भरला, बाहेरून घट्ट दिसेल असा. माणसांना काही कळले नाही.

दोर वळणाऱ्यांची एक रीत होती, आणि गोंधळात नंदिसेन ती विसरलाच होता. मोठा सोल गिऱ्हाइकाच्या हाती देण्याआधी झाडाच्या फांदीवरून सोडायचा आणि घरच्या सगळ्यांनी मिळून त्याला लोंबकळायचे. नंदिसेनाकडची फांदी नदीच्या खडकाळ दरडीवर झुकलेली होती. पिंगळ माल न्यायला आला तशी माणसे हसत गोळा झाली.

"मालक, गोमुखाचं पोट सुटलंय औंदा. त्याला शेवटी घ्या!"

"तुझी जीभ आधी टांग, तीच जड आहे," गोमुख म्हणाला.

उत्पलीने पदर खोचला आणि दोर धरला. तिच्या टाचा जमिनीवरून उचलल्या गेल्या, तोच नंदिसेन ओरडला, "सोडा! हात सोडा सगळ्यांनी!"

आणि त्याने सगळे सांगून टाकले.

पिंगळाने अंगठ्याने दोराचे पेड उकलून पाहिले. त्याचे हसू गेले.

"हा तुटला असता तर हत्ती पहिल्यांदा माझ्या अंगावर आला असता. हत्तीची दया आली तुला. माझी नाही आली?"

"तुझा विचारच केला नाही," नंदिसेन म्हणाला. "त्या दिवशीच नाही म्हणायला हवं होतं. धान्य सोडवेना, म्हणून दयेचं नाव पुढे केलं. आता म्हणतो. फासासाठी मी दोर वळणार नाही. आणि सैल तर कुणासाठीच वळणार नाही."

त्याने कोयता घेतला आणि बाराही सोल तोडले.

"मग खायचं काय?" उत्पलीने विचारले.

"ठाऊक नाही."

"चला, एवढं तरी खरं बोललात," ती म्हणाली आणि तुकडे गोळा करू लागली. त्यांची शिंकी तरी होणार होती.

पिंगळाने दुसऱ्या गावाहून दोर आणले. कळप धरला गेलाच. पाच माणसे नंदिसेनाला सोडून गेली, उरलेल्यांनी ते वर्ष अर्ध्या पोटी काढले. त्यानंतर नंदिसेन प्रत्येक गिऱ्हाइकाला विचारी, "कशासाठी हवा?" लोक म्हणत, "दोर विकतोस की साक्ष घेतोस?" काही खोटे सांगत आणि तो फसेही. गोंधळ त्याचा पुष्कळदा होई, पण तो त्याने पुन्हा कधी पिळात घातला नाही.

ही हकीगत शास्त्याने, म्हणजे बुद्धाने, एका अत्तर विकणाऱ्याला सांगितली. घरी एक आणि दुकानात दुसरेच, असे जगून तो भांबावला होता. शेवटी शास्ता म्हणाला, "तेव्हाचा पिंगळ म्हणजे हा दाराशी बसलेला भिक्षू शोणक. उत्पली म्हणजे तुला दंडाला धरून इथे घेऊन आलेली ही तुझी बायको. आणि सैल दोर वळणारा मीच."

त्या जन्मी बोधिसत्त्वाने सत्याची पारमिता, म्हणजे पूर्णता, साधली. दया त्याच्याकडे आधीपासूनच होती. तेवढ्याने भागले नव्हते.