सात जागा आणि खंड्या

डोंगराच्या पायथ्याशी वाहणाऱ्या एका ओढ्याकाठी एक तरुण खंड्या आपल्या आईबरोबर राहत असे. त्याच्यासारखा सूर मारणारा त्या ओढ्यावर दुसरा नव्हता. समुद्रापलीकडच्या बेटावर समुद्रगरुडांचे मोठे गुरुकुल होते. तिथे जाऊन खोल पाण्यातली शिकार शिकायची, हा एकच ध्यास त्याने घेतला होता. पण मुलांनो, बेटावरच्या पाखरांसाठी तिथे पुष्कळ जागा असत. परमुलखातल्या पाखरांसाठी मात्र फक्त सात!

परीक्षा घ्यायला आलेल्या गरुडापुढे खंड्याने सूर मारून दाखवला. निकाल महिन्याने कळणार होता. तेव्हापासून त्याचा जीव थाऱ्यावर राहिना. तो रोज सकाळी कावळ्याला विचारी, "काका, माझी निवड होईल का हो?" कावळा हिशेबाला पक्का. तो सांगे, "गेल्या वर्षी बाहेरची दोनशे पाखरे आली, सात घेतली." दुसऱ्या दिवशी खंड्या पुन्हा हजर. "आणि आज?" "अरे, गेल्या वर्षीचा आकडा आज कसा बदलेल?" कावळा वैतागे. पाण्यावर नुसती सावली पडली तरी खंड्याला वाटे, निकाल आला! तो दचके आणि चोचीतला मासा निसटे. बिचारा वाळत चालला.

आई म्हणाली, "बाळा, खाडीवरचा म्हातारा पाणकावळाही शिकवतो. उद्यापर्यंतच तो नवे शिष्य घेणार आहे. त्यालाही सूर मारून दाखव."

"तिथे गेलो म्हणजे मी आधीच हार मानली," खंड्या पुटपुटला.

"निकाल तुझ्या हातात नाही. खाडीपर्यंत उडणे तर आहे ना?"

खंड्या रुसूनच गेला. पाणकावळ्याने त्याचा सूर पाहिला आणि "ये तू," एवढेच म्हणाला.

महिन्याने गरुड आला. खंड्या फांदीवरून उडून त्याच्यापुढे आला. "तुझी निवड झाली नाही," गरुड म्हणाला.

"माझे काय चुकले?"

"काहीच नाही. चाळीस जणांनी असाच सुरेख सूर मारला. जागा सातच होत्या."

दोन दिवस खंड्याने अन्नाला चोच लावली नाही. तिसऱ्या दिवशी तो खाडीवर गेला. खडकावर पंख वाळवत बसलेला पाणकावळा म्हणाला, "रडून झाले असेल तर श्वास रोख आणि माझ्यामागे ये." खंड्याने सूर मारला, आजवर कधीच गेला नव्हता इतका खोल गेला आणि चोचीत तडफडता मासा घेऊन वर आला.

तात्पर्य : जागा थोड्या असल्या की गुणीजनही बाहेर राहतात, म्हणून नकारावरून आपली किंमत ठरवू नये, आणि एकाच दाराशी जीव टांगून बसू नये.