केरबा आणि सुयांचा रोलर

एका गावात केरबा नावाचा एक भोळा गडी राहायचा. किती भोळा? आई एकदा म्हणाली, "दुधाकडं बघ." दूध उतू जाऊन पातेलं रिकामं झालं, तरी हा बघतोय. बघ म्हणाली होती ना? बघितलं.

केरबा झाला एकतीस वर्षांचा आणि डोक्याचं झालं माळरान. टक्कल बघून दोन सोयरिकी मोडल्या. आता तिसरी आली होती. मुलीचे वडील सर्जेराव आठ दिवसांनी, रविवारी, घर बघायला येणार होते. आई बायजाक्का रडकुंडीला आली.

"आरं, ही बी सोयरीक गेली तर तुझ्या डोक्यावर अक्षता पडायच्या न्हाईत," म्हणाली आणि त्याच दिवशी, शनिवारी, तिनं त्याला तालुक्याला चामडीच्या डॉक्टरीणबाईंकडं पिटाळलं.

बाईंनी त्याला एक रोलर दिला. छोटीशी दांडी, पुढं चाक आणि चाकाला बारीक बारीक सुया.

"जिथं केस नाहीत तिथं फिरवा. आठवड्यातून एकदाच, रविवारी. आणि दुसऱ्या कुणाला द्यायचा नाही."

"बरं," केरबा म्हणाला.

दुसऱ्याच दिवशी, रविवारी सकाळी तो केस कुठं नाहीत ते शोधायला बसला. तळहात बघितले. एक केस नाही! फिरवला. तळपाय बघितले. तिथंही नाही! फिरवला. सोमवारी गडी एसटीतून उतरला आणि कोपरांवर, गुडघ्यांवर रांगत बाईंच्या दारात.

"अहो, डोक्यावर फिरवायचा!" बाईंनी कपाळाला हात लावला. "तेही हलक्या हातानं. डोक्यावर जरासुद्धा दाब द्यायचा नाही, कळलं?"

"बरं. आधी सांगायचं की."

गुरुवारी भावकीत लग्न होतं. केरबानं फेटा घेतला आणि दाब न देता डोक्यावर नुसता ठेवला. पंगतीत वाढायला वाकला, तो फेटा गेला आमटीच्या बादलीत. निम्मं वऱ्हाड कोरडा भात खाऊन उठलं.

"आरं मुडद्या!" बायजाक्का फेटा पिळत ओरडली. "डोक्याचं काही बी असू दे, दोन्ही हातांनी घच्च दाबावं!"

"बरं."

रविवार उजाडला. सर्जेराव चार पाहुणे घेऊन आले. बायजाक्कानं पाच कपांचा ट्रे केरबाच्या हातात दिला आणि कानात सांगितलं, "गार व्हायच्या आत चहा संपला पायजे." केरबानं सोप्यात पाहुण्यांसमोर उभं राहून पाचही कप संपवले. जीभ भाजली, पण संपवले.

बायजाक्कानं त्याला दंडाला धरून आत ओढलं. "चांगली वस्तू आधी पाव्हण्यास्नी द्यावी रं, मग आपण घ्यावी!"

"बरं."

बाहेर सर्जेराव पोट धरून हसत होते. "असू द्या बायजाक्का. पोरगं साधं हाय. आणि टकलाचं म्हणाल, तर आमचं तरी कुठं रान माजलंय?" असं म्हणून त्यांनी टोपी काढली. "आमचा होकार समजा."

बायजाक्काच्या डोळ्यांना धारा लागल्या. केरबा मात्र सर्जेरावांच्या डोक्याकडं बघत होता. एवढं मोठं डोकं आणि एक केस नाही! वार तर रविवारच! केवढा भला माणूस हा. त्याला आपल्या होणाऱ्या सासऱ्यांची, मामांची, फार माया आली. पळत जाऊन त्यानं रोलर आणला.

"मामा, आधी तुम्ही!"

"काय हाय ते? बघू, दे."

"देता येत न्हाई, मामा. दुसऱ्या कुणाला द्यायचा न्हाई. मीच फिरवतो."

आणि दोन्ही हातांनी घच्च दाबून त्यानं रोलर कपाळापासून मानेपर्यंत फिरवला.

सर्जेरावांची बोंब वेशीपर्यंत ऐकू गेली. टोपी तिथंच टाकून, डोकं धरून ते जीपकडं पळाले. मागोमाग चौघे पाहुणे. "मोडली गं बाई सोयरीक!" म्हणत बायजाक्का उंबऱ्यात मटकन बसली.

केरबा जीपच्या मागं धावत सुटला. हात हलवत, अगदी मनापासून ओरडला,

"मामा, आता पुढच्या रविवारी या हां! आठवड्यातनं एकदाच फिरवायचा असतोय!"