कलम एकतीस

हिंगणवाडी संस्थानचे दिवाण रावजीपंत यांनी जन्मात कधी केरसुणी हातात धरली नव्हती. म्हणूनच की काय, घरोघरच्या बायकांसाठी त्यांनी साफसफाईचं बेचाळीस कलमांचं वेळापत्रक काढलं. जे घर ते मोडेल, त्याच्या दारावर काळी फुली!

पहिली सापडली तुळसा. मागावर लुगडी विणायची आणि तीन पोरं सांभाळायची. मंगळवारी पितळ घासायचं, तर ही बया कोंबड्यांनी घाण केलेली ओसरी धूत होती. शिपायांनी तिला कडेवरच्या पोरीसकट कचेरीत आणलं.

"वेळापत्रक का मोडलंस?" पंत गरजले.

"सांगते की, सरकार," म्हणत तुळसाने चिमीला खाली सोडलं, ते नेमकं पंतांच्या दौतीशेजारी. चिमीला तेवढंच हवं होतं. दौत कलंडली आणि पांढऱ्याशुभ्र गादीवरून शाईचा ओघळ पंतांच्या धोतराकडे निघाला.

"अगं, पूस! आधी हे पूस!"

तुळसा हात जोडून उभीच. "कसं पुसू, सरकार? आज मंगळवार. गादीच्या खोळी शनिवारी, कलम एकतीस."

"खड्ड्यात गेलं ते कलम!" पंत धोतर सावरत ओरडले. "जे घाण झालंय ते आधी साफ करायचं, एवढंही कळत नाही?"

"कळतं की. आमच्या घरी तेवढं एकच कलम आहे." तुळसाने पदर खोचला आणि फडकं उचललं. "आता फुली कुठल्या दारावर मारायची, सरकार? माझ्या, की कचेरीच्या?"