एकाच ओळीतल्या दोन फांद्या

निकृष्ट रोपं विकायची आणि झाडं खुरटली की शेतकऱ्याच्या मातीलाच नावं ठेवायची! हा निर्लज्जपणा मी खडकवाडीच्या सभेत पाहिला.

"आमची नीलगिरीची सगळी रोपं क्लोन आहेत, एकाच झाडाची हुबेहूब नक्कल. दोष तुमच्या जमिनीत. रोपं बदलून मिळणार नाहीत!" रोपवाटिकेचे मालक टिपरे गरजले.

शेतकरी हौसाबाई डोईफोडेंनी टेबलावर दोन फांद्या आपटल्या. "साहेब, ह्या एकाच जातीच्या झाडांच्या का?"

"छे! एकीचं पान रुंद, दुसरीचं दाभणासारखं. आंधळाही सांगेल, झाडं वेगळी."

"दोन्ही तुमच्याच रोपांच्या, माझ्या शेतातल्या शेजारशेजारच्या. मातीनं झाड खुरटेल, पण शेजाऱ्याची नक्कल करायला विसरेल व्हय? बियांची रोपं, जी एकासारखं दुसरं निघत नाही, ती क्लोन म्हणून खपवलीत. आता बदलून कधी देताय?"

टिपरेंनी फांद्या उचलून टेबलाखाली ठेवल्या.

"ठेवा, ठेवा," हौसाबाई म्हणाल्या. "शेतात अजून झाडं आहेत."