याह्यानं दिलेलं नाव

फार वर्षं झाली, कातळबंदरच्या खाडीत मगरी होत्या तेव्हाची गोष्ट. हलीमाबीची सहा मुलं पाळण्यातच गेली होती. सातव्या वेळी दिवस भरत आले तेव्हा एक अरबी खलाशी गोडं पाणी भरायला बंदरात उतरला. विहिरीवर तिला रडताना पाहून तो म्हणाला, "मुलगा झाला तर याह्या म्हण. आमच्या बोलीत याह्या म्हणजे जगतो. एका म्हाताऱ्या जोडप्याला आशा सुटल्यावर मूल झालं, तेव्हा अल्लानंच हे नाव ठेवलं. त्याआधी ते कुणाचंच नव्हतं."

तिनं तसंच केलं आणि पोर जगलं. मोठा होऊन याह्या खाडीवर होडी चालवू लागला. त्याच्या होडीला मगरी वाट द्यायच्या, असं म्हणतात. मगरींचं मी काही सांगत नाही, मी पाहिल्या नाहीत. पण लोकांना वाटे, याच्या नावातच जगणं आहे, याला काय धाड भरणार? म्हणून पटकीची साथ आली तेव्हा आजारी माणसं पैलतीरच्या हकिमाकडे नेली ती एकट्या याह्यानं. बाकीचे होडीवाले दारं लावून बसले होते.

एके दिवशी धाकू भंडाऱ्याची तान्ही पोर होडीतच थंडगार पडली. याह्यानं वल्हं ठेवलं, तिच्या कानाशी वाकला आणि म्हणाला, "घे. आजपासून याह्या तू." पोरीनं डोळे उघडले, असं म्हणतात. तिला हकिमाकडे पोचवून तो घरी परतला तो कण्हतच.

हलीमाबी हाक मारणार तोच त्यानं हात वर केला. "अम्मा, ते नाव घेऊ नकोस. तू घेतलंस तर ते माझ्याकडे परत येईल. पोर अजून सावरली नाही."

"अरे, सहा पुरलेत मी."

"ठाऊक आहे, अम्मा."

तीन दिवस ती उशाशी बसून होती. एक हाक मारली की लेक उठून बसेल, अशी तिची खात्री होती. आईच ती, नाव सारखं ओठांवर यायचं. मग खाडीपल्याडून धाकूची पोर रडलेली ऐकू यायची, आणि ती पदराचा बोळा तोंडात कोंबायची. एवढ्या लांबून ऐकू यायचं, असं म्हणतात. चौथ्या दिवशी लेक गेला. जनाजा दारातून निघाला तेव्हाही तिनं त्याचं नाव घेतलं नाही.

धाकूची पोर पणतवंडं पाहून गेली. आजही कातळबंदरात तान्ह्याला दुखणं आलं, की घर कुणाचंही असो, तीन दिवस त्याला याह्या म्हणतात. आणि होडीवाल्याला काठावरून कुणी नावानं हाक मारत नाही. घाई असली तरी माणसं उभी राहतात, त्याचं लक्ष जाईपर्यंत. का, म्हणून विचारलं तर म्हणतात, इथं एक आई गप्प राहिली होती.